पुलाअलीकडचा बोर्ड

नगरपालिकेतले साहेब म्हणाले, गावाची ओळख लिहून द्या.
बोर्ड चार बाय सहाचा, पत्र्याचा,
पुलाच्या अलीकडे लावायचा.
मजकूर तुम्हीच बघा, तुम्ही जुने.
मी पेंटर.
अक्षरांचे पैसे मिळतात मला,
अर्थाचे आजवर कुणी दिले नाहीत.

तर, पहिली ओळ:
इथे घोडे बदलायचे म्हणतात, म्हणून बदलापूर.
घोड्याचा नाल काही मला कधी सापडला नाही.
दारावरच्या पाट्या मात्र बदलल्या शेकड्यांनी.
परळचे शिरोडकर, भांडुपच्या आयरेबाई,
एक खोली विकून तीन घ्यायला आलेले,
आणि पहिल्या सकाळी दात घासता घासता
गॅलरीत येऊन
'अरे, डोंगर!' म्हणणारे.

डोंगर म्हणजे चंदेरी.
त्याचं नाव मी सतरा इमारतींवर लिहिलं.
चंदेरी हाइट्स, चंदेरी व्ह्यू,
चंदेरी दर्शन अ आणि ब.
ब उभी राहिली आणि अ-मधलं दर्शन संपलं.
तळमजल्याच्या राजवाडकर बाई विचारायला आल्या,
त्या पाटीचं आता काय करायचं?
म्हटलं, दर्शन खोडून स्मृती लिहू.
हसल्या. मग बराच वेळ
ब-च्या भिंतीवरचे पाइप बघत राहिल्या.

नदी उल्हास.
नाव पुल्लिंगी, तरी आम्ही ती म्हणतो.
आठ महिने गुडघाभर,
म्हशीच्या पाठीवर बगळा, बगळ्याखाली म्हैस, म्हशीखाली ती.
काठावर भेळेची गाडी लागते, त्याला म्हणायचं चौपाटी.
समुद्र मागे टाकून आलेल्यांची तेवढीच सोय.

पायथ्याच्या वाडीतून ठमी उघडे जांभळं आणते,
पळसाच्या पानावर, मोठी वर, बारकी खाली.
तिला विचारलं, गावाबद्दल काय लिहू?
म्हणाली, लिही, दुकानाच्या पायरीवर बसू देत नाहीत.

आता ते निळ्या रेघेचं.
एके वर्षी पाटबंधाऱ्याची माणसं दुर्बीण लावून गेली.
पूर इथवर येतो, आत घर नको,
अशी रेघ ओढायचं काम मला मिळालं.
दुंदाराम भोईरच्या गोठ्याच्या भिंतीवर
ती छातीएवढी आली.
तो विडी विझवत म्हणाला, रंग कनाला फुकट घालवतंस?
पानी चिंचेच्या बेचक्यापरत येतंय.
मी म्हटलं, सरकारी माप आहे.
तो म्हणाला, मंग ठीक.

पुढे खाचर गेलं, गोठा गेला,
भिंत तेवढी कंपाउंडात घेतली.
बिल्डरच्या पोऱ्याने क्रीम डिस्टेंपरचा डबा आणला.
माझाच ब्रश, दोन हात मारले.
दुप्पट पैसे. घेतले. लपवत नाही.
गेटवर सोनेरी अक्षरांत लिहून दिलं: रिव्हर टच.

त्या जुलैत नदीने नाव खरं केलं.
तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी गेलो.
रस्त्यावर सोफे, गाद्या, कुणाचा तरी अल्बम
पान-पान सुटा करून पायरीवर वाळत घातलेला.
भिंतीवरचं क्रीम पोपडे धरून सुटलं होतं,
खालून माझी निळी.
आणि तिच्यावर, पुरुषभर उंच,
गाळाची एक रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
चाळीस वर्षं हात चालवतोय मी,
एवढी सरळ मला जमलेली नाही.

कुणी गेलं नाही सोडून.
कर्ज फिटायचंय, शाळेची फी भरलीय,
आणि पाणी उतरल्यावर, खरं सांगतो,
चंदेरी इतका जवळ आला होता
की ओल्या गादीवर बसून लोक त्याच्याचकडे बघत होते.

साहेब, मजकूर झालेला नाही.
लोकसंख्या तुमची तुम्ही टाका,
'आपले स्वागत आहे' मी फुकटात लिहीन.
फक्त खांब किती उंच घ्यायचे
ते दुंदारामला विचारून आलोय.
चिंच तोडली, पार्किंग झालं तिथे.
तो दोन गाड्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला,
हात वर केला,
टाचा उचलल्या,
आणि म्हणाला, अजून वर.